कच्चा आहे म्हणून थांबावं का?

दर वर्षी एप्रिल उजाडला की तोच वाद. कॉलेज बास्केटबॉलची मार्चमधली धामधूम संपते, कुठल्यातरी लांब हातांच्या, एकोणीस वर्षांच्या पोराचं नाव एनबीए ड्राफ्टच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्या निवडीच्या) यादीत दिसतं आणि बघणारे निकाल देऊन मोकळे होतात : ‘अजून कच्चा आहे. घाई केली. आणखी एक वर्ष कॉलेजात खेळायला हवं होतं.’ यातलं पहिलं वाक्य बहुधा खरं असतं. पुढची दोन त्यातून आपोआप निघत नाहीत. पण ती निघतातच असं धरून बोलणारे इतके भेटतात, की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं.

इथे दोन प्रश्नांची सरमिसळ होते. हा मुलगा एनबीएत खेळायला तयार आहे का, हा एक. त्याने या वर्षी ड्राफ्टला जावं का, हा दुसरा. पहिला खेळाचा आहे, दुसरा बाजारभावाचा, आणि दोघांची उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट येऊ शकतात.

पहिल्याबद्दल फार सांगायला नको, सामने बघणाऱ्याला तो कळतो. बास्केटकडे पाठ करून चेंडू घेतला की पोरगा गडबडतो, दोघं अंगावर आले की पास सुचत नाही, बचावात उगाच उडी मारून पाच मिनिटांत दोन फाउल करून बसतो. कच्चा आहे, मान्य.

नियमांचे किरकोळ घोळही पटकन मिटवू. ड्राफ्टला नाव देणं म्हणजे कॉलेज सोडणं नव्हे. २०१६ पासून मुलगा नाव देऊन शिकागोच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टपूर्व चाचणी-शिबिरात, संघांसमोर खेळू शकतो, एनबीएच्या सल्लागार समितीकडून आपल्या जागेचा अंदाज घेऊ शकतो आणि मेअखेरच्या मुदतीपर्यंत नाव मागे घेऊन परत कॉलेजात जाऊ शकतो. म्हणजे एप्रिलमध्ये ‘गेला, संपला’ म्हणून हळहळण्यात काही अर्थ नाही. आणि कृपा करून या वादात केविन गार्नेट (१९९५) किंवा कोबी ब्रायंट (१९९६) यांना आणू नका. ते शाळेतून थेट आले होते. २००६ च्या ड्राफ्टपासून किमान वय १९ आणि अमेरिकेतल्या मुलांसाठी शाळा संपून एक वर्ष झालेलं असणं, ही अट आहे. तो रस्ता बंद झाला.

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ.

ड्राफ्टमध्ये दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत ३० जागा. त्यात निवडल्या गेलेल्या खेळाडूचा पगार ठरलेल्या तक्त्यानुसार असतो, संघ तो फार तर २० टक्के वर-खाली करू शकतो. करार चार वर्षांचा, त्यातली पहिली दोन हमीची, पुढच्या दोन वर्षांचा निर्णय संघाच्या हातात. २०२४-२५ च्या मोसमात पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला साधारण सव्वा कोटी डॉलर मिळाले. तिसाव्या क्रमांकालाही वर्षाला वीस लाख डॉलरहून जास्त, तेही हमीने. एकतिसाव्या क्रमांकापासून दुसरी फेरी सुरू होते आणि तिथे नियमाने कसलीच हमी नाही. वाटाघाटीत चांगला करार पदरात पडू शकतो, विशेषतः फेरीच्या सुरुवातीला. पण बऱ्याच जणांच्या वाट्याला ‘टू-वे’ करार येतो : निम्मा वेळ जी लीग या एनबीएच्या दुय्यम लीगमध्ये, निम्मा एनबीएच्या बाकावर. २०२४-२५ मध्ये त्याचे पैसे होते सुमारे ५ लाख ७८ हजार डॉलर. तिसावा आणि एकतिसावा यांच्या खेळात कदाचित काहीच फरक नसेल, पण पायाखालची जमीन निराळी असते.

मग लॉटरीतले, म्हणजे पहिल्या चौदा जागांवरचे संघ नेमके कशाला पैसे मोजतात? आजच्या खेळाला नाही. देवगडचा बागायतदार पिकलेला हापूस पेटीत भरत नाही. तो पाडाला आलेला, पण हिरवा आंबा उतरवतो, कारण त्याला पुढे आढीत पिकायचं असतं. हे संघ तसेच पाडाला आलेलं शरीर, हात आणि डोकं विकत घेतात आणि पिकवण्याचं काम स्वतःकडे ठेवतात. म्हणून मार्विन विल्यम्स २००५ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला. नॉर्थ कॅरोलायनाच्या विजेत्या संघात तो एकाही सामन्यात पहिल्या पाचांत नव्हता. पॅट्रिक विल्यम्स फ्लोरिडा स्टेटचा सहावा, म्हणजे बाकावरून उतरणारा, खेळाडू होता, २०२० मध्ये शिकागो बुल्सने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. झॅक लाव्हिन यूसीएलएत बहुतेक सामने बाकावरून यायचा; २०१४ मध्ये तेरावा. कॉलेजच्या प्रशिक्षकाला जो मुलगा सुरुवातीलाही उतरवावासा वाटत नाही, त्याच्यावर एनबीएचा संघ कोट्यवधी डॉलर लावतो. यात विसंगती काहीच नाही. प्रशिक्षकाला येता शनिवार जिंकायचा असतो, संघाला तीन वर्षांनंतरचा खेळाडू हवा असतो.

आणि इथेच ‘थांब, पक्का हो, मग जा’ हा सल्ला घसरतो. कच्चेपणाच्या किमतीला मुदत असते. एकोणिसाव्या वर्षी उडी मारण्याची घाई करणाऱ्या पोराबद्दल स्काउट, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणारा, म्हणतो, शिकेल. एकविसाव्या वर्षी तोच मुलगा तीच घाई करताना दिसला की तो म्हणतो, शिकला नाही. खेळ तेवढाच राहिला, किंवा थोडा सुधारलासुद्धा, तरी भाव उतरतो. आयव्हन रॅबचं हेच झालं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या या उंच मुलाचं नाव लॉटरीच्या अंदाजांत होतं. तो आणखी एक वर्ष थांबला आणि २०१७ मध्ये ३५ व्या क्रमांकावर, म्हणजे हमीच्या रेषेपलीकडे गेला. पेरी जोन्स २०११ मध्ये ड्राफ्टला न जाता बेलर कॉलेजात परतला तेव्हा त्याच्याकडे वरच्या जागांचा खेळाडू म्हणून पाहिलं जात होतं. २०१२ मध्ये गुडघ्याच्या शंकेने तो २८ व्या क्रमांकापर्यंत घसरला. त्याच ड्राफ्टमध्ये ओहायो स्टेटच्या जॅरेड सलिंजरच्या पाठीबद्दल डॉक्टरांनी शंका काढल्या आणि तो २१ वा गेला. वर्षभरापूर्वी त्याचाही भाव बराच वर होता. ‘थांबण्यात काय बिघडतं?’ असं विचारणाऱ्यांनी ही तीन नावं लक्षात ठेवावीत. बिघडू शकतं, आणि जे बिघडतं ते परत मिळत नाही.

याउलट जोएल एम्बीड पाहा. कॅमेरूनमध्ये पंधराव्या वर्षाच्या आसपास चेंडू हातात घेतलेला मुलगा, कॅन्ससमध्ये एकच मोसम, शेवटी पाठीचं दुखणं. २०१४ च्या ड्राफ्टच्या काही दिवस आधी त्याच्या पायाच्या हाडाला तडा गेला आणि शस्त्रक्रिया झाली. तरी फिलाडेल्फियाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिले दोन मोसम तो एकही सामना खेळला नाही, पण पगार चालू होता आणि उपचारांची, सरावाची सगळी व्यवस्था संघाची होती. २०२३ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१४ मध्ये तो खेळायला तयार होता का? उभं राहायलाही नव्हता. त्याने ड्राफ्टला जायला हवं होतं का? शंकाच नाही.

म्हणजे कुणीच थांबू नये असं नाही. थांबून वर गेलेले आहेतच, पण ते कोण होते ते नीट बघा. ओक्लाहोमाचा बडी हील्ड २०१५ मध्ये फार तर पहिल्या फेरीच्या शेपटाला धरला जात होता. चौथं वर्ष खेळला आणि २०१६ मध्ये सहावा गेला. पर्ड्यूच्या सव्वासात फुटी झॅक ईडीने २०२३ मध्ये नाव दिलं. तेव्हा तो दुसऱ्या फेरीत तरी निघेल का याचीच खात्री नव्हती. त्याने नाव मागे घेतलं, संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि २०२४ मध्ये नववा गेला. या दोघांकडे गमावण्यासारखा भाव नव्हताच. रॅबकडे होता. म्हणून ‘हील्ड थांबला, त्याचं भलं झालं, तूही थांब’ हे लॉटरीतल्या मुलाला सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

एक प्रकार मात्र मला खरोखर खटकतो. अँथनी बेनेटचं नाव घेऊन ‘बघा, लवकर गेला, वाया गेला’ म्हणणं. २०१३ चा पहिला क्रमांक, कॉलेजात एक वर्ष, आणि एनबीएत पाय रोवता आले नाहीत, हे सगळं खरं. पण आणखी दोन वर्षं कॉलेजात काढली असती तर तो वेगळा खेळाडू झाला असता, हे यातून कुठे सिद्ध होतं? टांझानियाचा हशीम थबीत कनेटिकटमध्ये तीन वर्षं थांबला होता. २००९ मध्ये दुसरा गेला आणि त्याचीही कारकीर्द बाकावरच गेली. खेळ न जमणं आणि वेळ चुकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वेळेच्या दृष्टीने बेनेटने अचूक दिवस निवडला होता. चुकला असेल तर तो त्याला निवडणारा संघ.

‘आधी डिग्री पूर्ण कर’ हे आपल्या घरांतून, न्यू जर्सीतल्या असोत की नागपुरातल्या, फार मनापासून सांगितलं जातं. त्यामागची माया मला कळते. पण डिग्री वाट बघते, ड्राफ्टमधला भाव बघत नाही. शकील ओनील १९९२ मध्ये लुइझियाना स्टेट सोडून गेला आणि २००० मध्ये पदवी पूर्ण केली. व्हिन्स कार्टरने २००१ मध्ये प्लेऑफच्या सातव्या सामन्याच्या सकाळी नॉर्थ कॅरोलायनाच्या पदवीदानाला हजेरी लावली. टिम डंकन आईला दिलेल्या शब्दासाठी वेक फॉरेस्टमध्ये चार वर्षं राहिला आणि १९९७ मध्ये पहिला गेला. मला तो अतिशय आवडतो, पण त्याचं उदाहरण इथे उपयोगी नाही. तो आधी गेला असता तरी अगदी वरच गेला असता. इतकी खात्री असलेला खेळाडू पिढीत एखादाच.

मग मुलगा शिकतो कुठे जास्त? कॉलेजात मोसमात सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आणि तीस-पस्तीस सामने. पण त्या सामन्यांत चेंडू त्याच्या हातात असतो. एनबीएत दिवसभर सराव, स्वतंत्र प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, आणि सामन्यात चार मिनिटं. मधला मार्ग जी लीग. पास्कल सियाकाम त्या मार्गानेच घडला. कॅमेरूनचाच, उशिरा खेळायला लागलेला, न्यू मेक्सिको स्टेटमध्ये दोन मोसम खेळून, वर्षं शिल्लक असताना निघाला. २०१६ मध्ये २७ वा. पहिल्याच मोसमात त्याने टोरंटोच्या जी लीग संघाला विजेतेपद मिळवून दिलं आणि तिथल्या अंतिम मालिकेचा तो सर्वोत्तम खेळाडू होता. २०१९ मध्ये एनबीएचं विजेतेपद. म्हणून ‘जी लीगमध्ये पाठवला’ हे वाक्य शिक्षा झाल्यासारखं उच्चारणं आता पुरे.

भारतीय वाचकाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडे ‘ड्राफ्ट झाला’ आणि ‘एनबीएत खेळला’ हे सर्रास एकच समजलं जातं. पंजाबचा सतनाम सिंग कॉलेजात न जाता फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीतून आला आणि २०१५ मध्ये डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्ट झालेला तो पहिला भारतीय. ५२ म्हणजे दुसऱ्या फेरीचं शेपूट, तिथे हमी नाही. तो डॅलसच्या दुय्यम संघात खेळला, एनबीएचा एकही सामना त्याला मिळाला नाही. सिम भुल्लर हा पंजाबी वंशाचा कॅनेडियन, सियाकामच्याच कॉलेजचा, २०१४ मध्ये दोन वर्षांनी निघाला तेव्हा त्याला कुणी निवडलंच नाही. पण एप्रिल २०१५ मध्ये तो सॅक्रामेंटोकडून तीन सामने खेळला आणि एनबीएत उतरलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. दोघंही सात फुटांहून उंच, दोघंही कच्चे. उंची दोघांकडे होती, पहिल्या फेरीतला भाव दोघांकडेही नव्हता.

गेल्या काही वर्षांत हिशेब बदलला तो हमीच्या रेषेच्या खालच्या बाजूला. १ जुलै २०२१ पासून कॉलेजचे खेळाडू स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करू शकतात. जून २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजं थेट पैसे देऊ लागली. २०२५-२६ साठी मर्यादा होती प्रत्येक कॉलेजमागे, सगळे खेळ मिळून, साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. कॉलेज बदलणंही सोपं झालं. त्यामुळे मोठ्या कॉलेजातल्या चांगल्या खेळाडूला टू-वे करारापेक्षा जास्त पैसे कॉलेजातच मिळू शकतात. २०२१ मध्ये मुदतीआधी ड्राफ्टला नाव देणारे साडेतीनशेहून जास्त होते, २०२५ मध्ये जेमतेम शंभरावर. दुसऱ्या फेरीतल्या मुलाला पूर्वी मी ‘घरची गरज बघ’ म्हणालो असतो, आता सरळ ‘थांब’ म्हणेन. लॉटरीतल्या मुलासाठी माझं मत मुळीच बदललेलं नाही : जा, आणि कच्चा असशील तर आधी जा.

खरा कठीण पट्टा विसाव्या ते पस्तिसाव्या क्रमांकाचा. तिथे मी सर्वांत आधी वय विचारेन. ड्राफ्टच्या वेळी सियाकाम बावीस वर्षांचा होता. आणखी एक वर्ष थांबून तो तेवीसचा झाला असता आणि त्याच्या कच्चेपणाचे पैसे कुणी मोजले नसते. तो आज असता तरी त्याला जा म्हटलं असतं. एकोणीस वर्षांचा, पंचविसाव्या जागेच्या आगेमागे असलेला मुलगा विचारायला आला तर समितीचा अंदाज मागेन, हातात किती संघांचा ठाम शब्द आहे ते विचारेन, आणि दोन-तीन संघांचाही नसेल तर मेअखेरीस नाव मागे घ्यायला सांगेन. मात्र पुढच्या मोसमात त्याला भरपूर मिनिटं देणारं कॉलेज आधी शोधायला लावेन, त्यासाठी सध्याचं सोडावं लागलं तरी.