सिंगल व्हेंट्रिकल: ‘मूल वाचलं’ हे नेमकं कधीपासून मोजायचं?

कळव्याला आमच्या मजल्यावर एक साडेतीन वर्षांचा पोरगा आहे, सिंगल व्हेंट्रिकलवाला, म्हणजे हृदयाचा रक्त ढकलणारा एकच कप्पा नीट कामाचा. अशांची ऑपरेशनं टप्प्याटप्प्याने होतात; त्याचं ग्लेन नावाचं झालंय, फोंटान हे शेवटचं बाकी. कोविडमध्ये घेतलेलं ऑक्सिमीटर कुणीतरी सहज त्याच्या बोटाला लावलं, 82 आलं आणि काकू लोकांची धावपळ सुरू. त्याची आई भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘त्याचं एवढंच असतं हो.’

मागचं पटकन सांगते. 1944 ला बाल्टिमोरमध्ये ऑक्सिजन कमी पडून निळसर दिसणाऱ्या बाळांसाठी पहिला शंट, म्हणजे फुफ्फुसाकडे रक्त नेणारी जादा वाट, 1958 ला ग्लेन (वरच्या शरीराचं अशुद्ध रक्त थेट फुफ्फुसाकडे), 1968 ला फ्रान्समध्ये बोर्डोला पहिलं फोंटान (खालच्या शरीराचंही तसंच) आणि 1971 ला ते छापून आलं. हृदयाची डावी बाजू खुरटलेल्या बाळांसाठी मात्र तेव्हाही काहीच नव्हतं, 80 च्या दशकात नॉरवूड नावाचं ऑपरेशन आलं तेव्हा कुठे दार उघडलं. मग तीन टप्पे ठरले: जन्मल्यावर लगेच नॉरवूड, चार-सहा महिन्यांनी ग्लेन, दोन-चार वर्षांनी फोंटान.

खरा घोळ सर्व्हायव्हल या शब्दात आहे. फोंटानचे आकडे छान दिसतात, दहा वर्षांनी दहातली नऊच्या वर मुलं असतात, पण ही मोजणी फोंटानच्या दिवसापासून सुरू होते. जी तिथवर पोचलीच नाहीत त्यांचं काय? अमेरिकेत 2010 ला एक मोठी चाचणी छापून आली, 549 बाळं, नॉरवूडमध्ये कुठला शंट बरा यावर. वर्षभराने नव्या शंटची 74 टक्के बाळं जिवंत, जुन्याची 64, म्हणजे वाद मिटला असं वाटलं, पण सहाव्या वर्षी तेच आकडे 64 आणि 59, फरक जवळजवळ विरला. त्यात आणखी एक गंमत म्हणजे हा ट्रान्सप्लांटशिवायचा हिशोब, म्हणजे ज्याला दुसरं हृदय बसवलं ते मूल घरी खेळत असलं तरी आकड्यात गेलेल्यांच्या रांगेत. डॉक्टरांच्या दृष्टीने बरोबर असेल, पण आईबापाला हे कुणीतरी आधी सांगायला नको का?

त्याच चाचणीत नॉरवूडनंतर घरी गेलेल्या 426 पैकी 50 बाळं ग्लेनच्या आधीच दगावली. ऑपरेशन यशस्वी, डिस्चार्ज झाला, पेढेही वाटून झाले असतील. माझ्या मते मोजायचं तर हेच आधी मोजावं. याच फटीसाठी 2000 च्या सुमारास अमेरिकेत घरच्या घरी लक्ष ठेवायची पद्धत निघाली, रोज वजन आणि ऑक्सिजन, ऑक्सिजन ठरलेल्या आकड्याखाली गेला किंवा वजन अडलं की फोन. साधा वजनकाटा, पण त्याने फरक पडला.

आपल्याकडे नॉरवूड कमीच होतं, बरीच मुलं उशिरा कळतात आणि शंट किंवा थेट ग्लेनलाच येतात. 2013 पासून अंगणवाडी-शाळेतल्या सरकारी तपासणीत काही सापडायला लागली, आता खारघरला मुलांची हृदयाची ऑपरेशनं मोफतही होतात. पण घरी सांगताना सगळ्याला ‘हृदयाला छिद्र’ म्हणतात, मग नातेवाईक विचारतात, बुजवलं ना, आता परत कशाला?

आता नवा विषय लिव्हरचा, कारण फोंटाननंतर नसांमधला दाब कायम चढा राहतो आणि लिव्हर हळूहळू कडक होतं. त्यामुळे फोंटान झालेली जुनी मुलं, आता वीस-पंचवीस वर्षांची, हृदयाच्या डॉक्टरांकडून निघून लिव्हरच्या सोनोग्राफीच्या रांगेत बसतात.