टॉप टेम्परेचर ढिम्म, मग प्युरिटी कशी घसरली?

"टॉप टेम्परेचर दिवसभर एकच दाखवतंय आणि लॅब म्हणते माल ऑफ-स्पेक, सेन्सर गेला का?" असं डिस्टिलेशन कॉलम (आत एकावर एक ट्रे, म्हणजे आडव्या ताटल्या, असलेला आणि मिश्रण उकळून घटक वेगळे करणारा टॉवर) चालवणारे बरेच ग्राहक आम्हाला विचारतात. बहुतेक वेळा सेन्सर ठणठणीत असतो, फक्त चुकीच्या जागी बसवलेला असतो.

दोनच घटक असतील आणि प्रेशर स्थिर असेल तर उकळत्या मिश्रणाच्या तापमानावरून त्याचं कॉम्पोझिशन कळतं, म्हणून तर महागड्या अॅनालायझरऐवजी साध्या पीटी-१०० वर (प्लॅटिनमच्या टेम्परेचर सेन्सरवर) काम भागतं. पण माल जसजसा शुद्ध होतो तसं हे गणित हातातून निसटतं. बेन्झीन ८०.१ डिग्रीला उकळतं, टोल्युईन ११०.६ ला, म्हणजे मधे चांगले तीस डिग्री आहेत, तरी टॉप ट्रेच्या लिक्विडमधे टोल्युईन ०.१ टक्का वाढलं तर तापमान जेमतेम ०.०२ डिग्री हलतं आणि तिकडे प्रेशर नुसतं १ किलोपास्कल सरकलं की साधारण ०.३ डिग्रीचा फरक! आता यातून प्युरिटी काय डोंबल कळणार. इथेनॉल-पाण्यात तर अॅझिओट्रोप (उकळूनही ज्याचं प्रमाण बदलत नाही असं मिश्रण) आणि शुद्ध इथेनॉल यांच्यातच ०.२ डिग्रीचा फरक.

म्हणून कंट्रोलचा सेन्सर अशा ट्रेवर घ्या जिथे तापमान एका ट्रेवरून दुसऱ्यावर झपकन बदलतं. शोधायचा कसा, तर रिफ्लक्स (वरची वाफ थंड करून कॉलममधे परत सोडलेलं लिक्विड) किंचित वाढवा, कॉलम स्थिर होऊ द्या, सगळ्या ट्रेची टेम्परेचर लिहून घ्या, मग मूळ सेटिंगपासून तेवढाच कमी करून परत तेच करा. दोन्ही वेळा साधारण सारखा आणि भरपूर हलणारा ट्रे निवडा. एकाच बाजूला उडी मारणारा नको, तो कंट्रोलरला वेडं करतो, त्यापेक्षा दोन-तीन ट्रेचं अॅव्हरेज बरं.

प्रेशर हलतं राहत असेल तर प्रेशर कॉम्पेन्सेशन (प्रेशरनुसार टेम्परेचरचं रीडिंग दुरुस्त करणं) लागणारच. थर्मोवेलमधे (सेन्सर ज्यात बसतो त्या बंद नळीत) सेन्सर तळाला नीट टेकलेला हवा, मधे हवेची फट राहिली की रीडिंग उशिरा येतं आणि लोक उगाच ट्यूनिंग बदलत बसतात.

तिसरा घटक आला की मात्र नुसत्या तापमानावर विसंबू नका, तेच तापमान राहूनही प्युरिटी बदलू शकते. तिथे जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे लॅबमधलं घटक मोजणारं यंत्र) रिपोर्ट बघून टेम्परेचरचा सेटपॉइंट (कंट्रोलरला ठरवून दिलेला आकडा) थोडा थोडा सरकवायचा. आणि टॉप-बॉटम दोन्हीकडे टेम्परेचर लूप (तापमान बघून आपोआप कंट्रोल करणारी यंत्रणा) लावायचा मोह सहसा टाळा, दोन्ही लूप एकमेकांशी भांडतात, ज्या टोकाचा माल महत्त्वाचा त्यालाच लावा.

आमच्याकडून ट्रे निवडून हवा असेल तर वरच्या टेस्टची टेम्परेचर, प्रेशरचा ट्रेंड आणि लॅब रिपोर्ट पाठवा, सॅम्पल किती वाजता काढलं ते लिहायला विसरू नका.