वायपरचं रबर: सगळा खेळ एका धारेचा

रात्री पाऊस चालू असताना समोरून गाडी आली की तिचा लाइट आपल्या काचेवर पंख्यासारखा पसरतो आणि दोन सेकंद रस्ता दिसतच नाही. आपण म्हणतो समोरच्याने हायबीम मारला, बऱ्याचदा तसं असतंही, पण वायपरने मागे सोडलेल्या पाण्याच्या बारीक रेघासुद्धा तो प्रकाश वाटेल तिकडे फेकत असतात. मी काच तीनदा धुतली, वॉशरचं पाणी बदललं, शेवटी ब्लेड हातात घेऊन उजेडात बघितलं तेव्हा खरा प्रकार कळला.

तुम्हीही बघा. रबराची खालची पातळ पाकळी बोटाने हळूच एका बाजूला वाकवा, वाकवलेल्या बाहेरच्या अंगाला केसाएवढ्या भेगा उघडलेल्या दिसतील. त्या पावसाने पडत नाहीत, गाडी नुसती उभी असताना पडतात! रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या, गंधकाने एकमेकींना बांधलेल्या (गंधक आणि उष्णतेची ही करामत चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडली), आणि नैसर्गिक रबराच्या या साखळ्यांमध्ये जागोजागी दुहेरी बंध असतात. हवेतला थोडासा ओझोनसुद्धा नेमका तिथेच घाव घालतो, आणि रबर ताणलेलं असेल तर भेगा पटापट वाढत जातात. उभ्या गाडीत पाकळी एकाच बाजूला वाकून दबलेली असते, म्हणजे तिचं बाहेरचं अंग कायम ताणलेलं, त्यात ऊन, मग अजून काय पाहिजे. म्हणून गाडी कमी चालवली तरी रबर टिकतंच असं नाही.

आता ही पाकळी करते काय? तिच्या आणि वरच्या जाड भागाच्या मध्ये एक बारीक मान असते. वायपर डावीकडे गेला की पाकळी उजवीकडे झुकून मागून ओढली जाते, परत फिरताना ती उलटते आणि दुसऱ्या बाजूला झुकते, शांत गाडीत तो बारीकसा टप आवाज येतो तो हाच. काचेला टेकतो फक्त धारेचा एक कोपरा. रबर कडक झालं किंवा त्याला एकाच बाजूचा बाक बसला की पाकळी उलटत नाही, मग ती धार पुढे करून ढकलली जाते, अडकते, सुटते, परत अडकते, आणि काचेवर थरथर सुरू होते. व्हायोलिनच्या तारेवर गज असाच अडकत सुटत जातो, तिथे सूर निघतो, इथे किरकिर. चांगलं रबरसुद्धा सगळं पाणी काढत नाही हं, एक अगदी पातळ थर मागे ठेवतं जो लगेच उडून जातो, पण तेवढ्यात तेलासारखं काम करतो. काच अर्धवट सुकली की आवाज सगळ्यात जास्त येतो तो त्यामुळेच, आणि कोरड्या काचेवर वायपर चालवू नका असं मी सगळ्यांना कळकळीने सांगतो.

रेघा बारीक असतील तर धारेला चीर आहे किंवा कचरा अडकलाय, एखादा रुंद पट्टा पुसलाच जात नसेल तर तिथे दाब पोचत नाही. मेरी अँडरसनने १९०३ मध्ये आतून हँडलने फिरवायच्या वायपरचं पेटंट घेतलं तेव्हाही रबर काचेला दाबून ठेवायची सोय त्यात होती, इतकी ती मूळ गोष्ट आहे.

रबर धरून ठेवणारी ब्लेडची फ्रेम धड असेल तर पूर्ण ब्लेड फेकायची गरज नाही, नुसतं रबर मिळतं (काही फ्लॅट, म्हणजे उघडी फ्रेम नसलेल्या, ब्लेडमध्ये मात्र ते निघत नाही). आर्म, म्हणजे ब्लेड धरणारा दांडा, उभा करा आणि काचेवर आधी जाड टॉवेल टाका, कारण स्प्रिंगचा आर्म ब्लेडशिवाय काचेवर आपटला तर काच तडकू शकते. लॉक दाबून ब्लेड सोडवा, ज्या टोकाला रबर अडकवलेलं असतं तिथे थोडा जोर लावून ते फ्रेमच्या आकड्यांमधून (हुकांमधून) ओढून काढा. आत दोन स्टीलच्या पट्ट्या असतात, नव्या रबरासोबत पट्ट्या आल्या नसतील तर याच घालायच्या, त्यामुळे त्यांचा बाक आणि खाचा कुठल्या बाजूला होत्या ते आधीच बघून ठेवा, फोटोच काढा. नवीन रबर सरकवताना प्रत्येक आकडा चरात बसलाय ना ते बोटाने चाचपा, एक जरी सुटला तरी स्टील काचेला घासतं आणि तो ओरखडा कायमचा. डाव्या आणि उजव्या वायपरची लांबी बहुतेक वेळा वेगळी असते, मोजूनच घ्या. धारेला हात लावू नका, हाताचं तेल लागतं, आणि काही रबरांवर ग्रॅफाइटचा काळा थर असतो तो पुसू नका.

बसवायच्या आधी काच साबणाच्या पाण्याने नीट धुवा, नाहीतर जुना तेलकट थर नव्या रबरानेही भुरकटच पसरतो. मग वॉशरचं पाणी मारून दोन-चार फेऱ्या चालवा आणि प्रत्येक फेरीच्या टोकाला पाकळी उलटतेय का तेवढं कान देऊन ऐका.