गुप्तहेराच्या गाडीची गिरकी

गिअरच्या दांड्याचं टोपण उघडलं, आतलं लाल बटण दाबलं आणि शेजारी पिस्तूल घेऊन बसलेला माणूस सीटसकट छतातून बाहेर! १९६४ च्या 'गोल्डफिंगर'मधल्या ॲस्टन मार्टिन डीबी५ ची ही करामत बाँडपटांच्या चाहत्यांना तोंडपाठ असते. कलादिग्दर्शक केन ॲडम आणि ट्रिक दृश्यांचे जाणकार जॉन स्टीअर्स यांनी ही गाडी सजवली. तिच्या नंबरप्लेट खरोखर फिरत. छतातून मात्र जिवंत माणसाऐवजी पुतळा उडवला गेला. माणूस असता तर काय झालं असतं, हे शाळेतल्या गतीच्या समीकरणांवरून काढता येतं.

सीट आणि माणूस मिळून १२० किलो धरू. त्यांना ५ मीटर उंच फेकायचं तर सुटतानाचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर हवा. हा वेग गाठायला जागा किती? सीटपासून छतापर्यंत जेमतेम अर्धा मीटर. म्हणजे शून्यापासून १० मीटरचा वेग एक दशांश सेकंदात, गुरुत्व त्वरणाच्या दहापट त्वरणानं. लढाऊ विमानातून सीटसकट बाहेर फेकल्या जाणाऱ्या वैमानिकाला याहून मोठा झटका बसतो. पण तो पट्ट्यांनी करकचून बांधलेला, पाठ ताठ ठेवून बसलेला असतो, आणि तरीही त्याच्या मणक्याला इजा होण्याचा धोका असतोच. बाँडशेजारच्या बेसावध माणसाची मान शाबूत राहिली नसती.

आता न्यूटनचा तिसरा नियम. सीट जितक्या जोरानं वर जाईल तितक्याच जोरानं गाडीची फरशी खाली ढकलली जाईल. आपल्या आकड्यांनुसार हा जोर सव्वा टनाच्या वर जातो. गाडीचं सगळं वजन दीडेक टन. जवळपास तेवढाच भार, तोही एका बाजूला, अचानक. गाडी त्या बाजूला दणकन दबणार आणि चालवणाऱ्याला स्टीअरिंग सांभाळताना नाकी नऊ येणार. पडद्यावर बाँड मात्र शांतपणे पुढे निघून जातो.

याच गाडीत नकाशावर पुढच्या गाडीचा ठिपका सरकताना दिसतो. आज खिशातल्या फोनमुळे त्याचं काही वाटत नाही, पण १९६४ मध्ये ते अवघडच होतं. पाठलाग करणाऱ्या एका अँटेनाला फार तर संदेश कोणत्या दिशेनं येतोय ते कळतं. जागा शोधायला दोन ठिकाणांहून दोन दिशा घेऊन त्या कुठे छेदतात ते पाहावं लागतं. दोन्ही गाड्या पळत असतील तर तो छेदबिंदू हाती लागेपर्यंत शिळा झालेला असतो. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला. त्यानंतर प्रश्नच उलटा झाला. गाडी स्वतःची जागा उपग्रहांच्या संदेशांवरून स्वतःच काढते आणि मोबाइल नेटवर्कवरून कळवून टाकते. तिच्या मागावर कुणी अँटेना फिरवायची गरज उरली नाही.

१९७७ चा 'द स्पाय हू लव्ह्ड मी' आणखी एक पायरी वर गेला. त्यातली पांढरी लोटस एस्प्री समुद्रात शिरते, चाकं आत घेते आणि पाणबुडी होते. पाण्याखालची दृश्यं बहामाजजवळ घेतली. त्यासाठी फ्लोरिडातल्या पेरी ओशनोग्राफिक्स या पाणबुड्या बनवणाऱ्या कंपनीनं एस्प्रीच्या सांगाड्यापासून खरोखर पाण्याखाली चालणारं वाहन तयार केलं. ती निव्वळ खोटी गाडी नव्हती. पण आत बाँड कोरड्या कपड्यांत बसलेला दिसतो, तसं प्रत्यक्षात नव्हतं. गाडीत पूर्ण पाणी भरलेलं असे आणि पाठीवर हवेची टाकी घेतलेले पाणबुडे ती चालवत.

यात आळस किंवा काटकसर नव्हती. आर्किमिडीजचं तत्त्व आडवं येत होतं. हवेनं भरलेली बंद गाडी म्हणजे बूच लावलेली रिकामी बाटली. तिनं ३ घनमीटर पाणी बाजूला सारलं तर पाणी तिला ३ टनांच्या जोरानं वर ढकलेल. गाडी आहे एक टनाची. म्हणजे ती बुडवायलाच आणखी दोन टन शिसं किंवा लोखंड भरावं लागेल, आणि मग हीच गाडी रस्त्यावर तीनपट जड होईल. शिवाय पाण्याचा दाब: १० मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १० टनांचा जादा भार. समोरची काच साधारण तेवढीच मोठी असते. पाणी आत घेतलं की दोन्ही अडचणी एकदम सुटतात. वर ढकलणारी हवा नाही आणि काचेच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच. २००८ च्या जिनिव्हा मोटर शोमध्ये स्विस कंपनी रिन्स्पीडनं 'स्क्यूबा' नावाची पाण्याखाली चालणारी गाडी दाखवली. तीही उघडीच होती आणि चालक ओलाच. तीस वर्षांनंतरही उत्तर तेच निघालं.

पण या सगळ्या बाँडगाड्यांत मला जिच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो, तिच्यात एकही लपवलेलं यंत्र नाही. १९७४ च्या 'द मॅन विथ द गोल्डन गन'मधली ती एएमसी हॉर्नेट. थायलंडमधल्या एका कालव्यावरच्या मोडक्या पुलावरून ती उडते, हवेत मळसूत्रासारखी स्वतःभोवती फिरते आणि पलीकडे चारही चाकांवर उतरते. हे सारं खरं घडलं, आणि पहिल्याच टेकमध्ये. गाडी लॉरेन 'बम्प्स' विलर्ट चालवत होते. पार्श्वसंगीतात या क्षणाला एक हास्यास्पद शिट्टी जोडली आहे, तिचा मला अजून राग येतो. तिच्यामुळे प्रेक्षक हसून मोकळे होतात आणि समोर काय घडलं याची किंमतच उरत नाही.

ही उडी अंदाजानं मारलेली नव्हती. अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत रेमंड मॅकहेन्री रस्त्यावरच्या अपघातांचा अभ्यास करत. रस्ता सोडून गेलेली गाडी कठड्यावर किंवा उतारावर चढली की कशी कलंडते, हे सांगणारं गणित त्यांनी साठच्या दशकात संगणकावर बसवलं होतं. तेच गणित इथे उलट्या बाजूनं वापरलं. गाडी का उलटली, असं न विचारता तिला बरोब्बर एकदाच गिरकी घ्यायला लावणारा रॅम्प कसा असावा, असं विचारलं. उत्तरादाखल पिळदार रॅम्प निघाला. जानेवारी १९७२ मध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममधल्या खेळात ही उडी प्रेक्षकांसमोर यशस्वी झाली आणि मग सिनेमात आली.

रॅम्प सोडला की चालकाच्या हाती काहीच उरत नाही. चाकं जमिनीला टेकलेली नसतात, त्यामुळे स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही निरुपयोगी. पिळामुळे मिळालेली फिरकी तशीच टिकते, कारण हवेत तिला थांबवणारं जवळजवळ काही नसतं. हवेत किती वेळ राहणार, तेही सुटतानाच ठरलेलं. गंमत अशी की वेग वाढला की फिरकी वाढते आणि हवेतला वेळही वाढतो. म्हणून एकूण गिरकी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, आणि उडीची लांबीही. ठरलेला वेग होता ताशी ४० मैल, म्हणजे ६४ किलोमीटर. त्यात फक्त ३ किलोमीटरची चूक झाली तरी लांबी दहा टक्क्यांनी चुकते. हवेतली गिरकी २७० अंशांची धरली (उरलेला पीळ दोन्ही रॅम्पवर पडतो), तर गाडी २७ अंश तिरकी उतरेल. एवढा तिरकस आघात दोन चाकांवर आला की ती पुन्हा उलटणार.

वजनाचंही तसंच. चालकासह गाडी ३,२१९ पौंडांची, म्हणजे सुमारे १,४६० किलोची हवी होती, आणि ते वजन डावी-उजवीकडे समान वाटलेलं हवं होतं. चालक एका बाजूला बसला तर गिरकीचा अक्ष गाडीच्या मधून जात नाही आणि ती हवेत डुलायला लागते. म्हणून स्टीअरिंग आणि चालकाची सीट गाडीच्या बरोबर मध्यावर हलवली होती. दृश्य थांबवून, थांबवून पाहा. बाँड झालेले रॉजर मूर जिथे बसलेले दिसतात तिथे उडीच्या क्षणी चालक नसतो.

पुढे सत्तरच्या दशकात मॅकहेन्री यांनी 'स्मॅक' आणि 'क्रॅश' हे संगणकीय प्रोग्रॅम तयार केले. रस्त्यावरच्या टायरच्या खुणा आणि गाडीचा चेपलेला पत्रा यांवरून टकरीआधी कोण किती वेगात होतं, हे ते काढून देतात. अपघातांचा तपास करणारे अभियंते त्यांच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरतात.