एम२ हाइड सबमशीनगन

एम२ हाइड सबमशीनगन ही दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी बनवलेली .४५ कॅलिबरची सबमशीनगन. महागड्या थॉम्पसन सबमशीनगनला स्वस्त आणि लवकर तयार होणारा पर्याय म्हणून ती पुढे आली. १,६४,४५० नगांची मागणी नोंदवली गेली, पण सुमारे ४०० नग झाले आणि काम थांबले.

थॉम्पसन बंदूक लढाईत चांगलीच होती, कारखान्यात मात्र डोकेदुखी. तिचा मुख्य सांगाडा, म्हणजे रिसीव्हर, पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढावा लागे. त्यात यंत्रावरचे तास जात आणि बरेचसे पोलाद चुऱ्यात जाई. १९३९ मध्ये एका बंदुकीची किंमत २०९ डॉलर होती. रचना सोपी करून आणि उत्पादन वाढवून १९४२ पर्यंत ती ७० डॉलरच्या आसपास आली, तरी लाखोंनी हत्यारे हवी असताना एवढेही जास्तच होते. तिकडे ब्रिटनने १९४१ मध्ये स्टेनगन काढून नळी, पत्रा आणि वेल्डिंग यांवर बंदूक होऊ शकते हे दाखवून दिले होते.

एम२चा आराखडा जॉर्ज हाइड यांचा. जर्मनीत जन्मलेले हे बंदूक-कारागीर जनरल मोटर्सच्या इनलँड विभागासाठी काम करत होते. हाइड यांनी रिसीव्हरसाठी बिनजोड पोलादी नळी घेतली, त्यामुळे कोरीव काम पुष्कळ कमी झाले. यंत्रणा साध्या ब्लोबॅकची होती, म्हणजे गोळी सुटतानाच्या वायूच्या दाबाने रिकामे काडतूस मागे ढकलले जाऊन बंदूक पुन्हा भरली जाई, आणि मॅगझिन थॉम्पसनचेच वापरता येई, हा व्यवहारी शहाणपणा. लाकडी दस्ता मात्र शिकारी रायफलसारखा अखंड होता. स्वस्त हत्याराला असा दस्ता का, हा प्रश्न आज पडतो. जुन्या बंदूककामाची सवय इथे सुटलेली दिसत नाही.

अमेरिकी लष्कराच्या ॲबर्डीन येथील चाचणी केंद्रावरच्या चाचण्यांत नमुना चांगला ठरला. थॉम्पसनपेक्षा रचना सरस आणि बनवायला सोपी, असा निष्कर्ष निघाला. १९४२ मध्ये लष्कराने तिला ‘एम२’ हे नाव देऊन पर्यायी हत्यार म्हणून मान्यता दिली. इनलँडकडून उत्पादन सुरू होऊ शकले नाही, म्हणून जुलै १९४२ मध्ये काम मार्लिन फायरआर्म्स या कंपनीकडे गेले. तिथेही अडचणी येत राहिल्या. पहिली बंदूक बाहेर पडायला मे १९४३ उजाडला, आणि कारखान्यातले नग चाचणीतल्या नमुन्याच्या तोडीचे निघाले नाहीत.

तोवर बाजी उलटली होती. डिसेंबर १९४२ मध्येच लष्कराने एम३ सबमशीनगन स्वीकारली होती, आणि तिचे रचनाकारही हाइडच. एम३चा सांगाडा म्हणजे प्रेसवर दाबलेल्या पत्र्याचे दोन अर्धे भाग एकमेकांना वेल्ड केलेले. दस्त्याच्या जागी वाकवलेली तार, लाकूड औषधालाही नाही. मोटारींचे दिवे बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या गाइड लॅम्प विभागाला पत्रा दाबण्याचा सराव होताच. सुमारे २० डॉलरमध्ये एक बंदूक तयार होऊ लागली. सैनिक तिला ‘ग्रीस गन’ म्हणत, कारण ती गॅरेजमधल्या ग्रीस भरायच्या पंपासारखी दिसे. एम२ थॉम्पसनच्या तुलनेत स्वस्त होती. एम३समोर तीच महाग ठरली. १९४३च्या मध्यात मागणी रद्द झाली.

एम३ चे सहा लाखांहून अधिक नग निघाले. याच हाइड यांनी आखलेले, एका वेळी एकच गोळी झाडणारे ‘लिबरेटर’ पिस्तूलही १९४२ मध्ये गाइड लॅम्पने सुमारे दहा लाखांच्या संख्येने बनवले. एम२चे अपयश त्यामुळे हाइड यांच्या माथी मारणे योग्य नाही. मार्लिनच्या मोजक्या बंदुका आज संग्राहकांना दुर्मिळ वाटतात. ‘एम२’ हे नाव .५० कॅलिबरच्या ब्राउनिंग मशीनगनला आणि पुढे एका कार्बाइनलाही (आखूड रायफललाही) होते, त्यामुळे जुने संदर्भ चाळताना नुसत्या नावावर भिस्त ठेवू नये.