माकूल गळाला लागण्याआधी

बेळगावच्या कॅम्पातल्या मासळी बाजारात ‘माकूल आहे का?’ म्हणून विचारलं, तर एखादी विकणारी उलट विचारते, ‘माणकी व्हय?’ मालवण-वेंगुर्ल्याचं माकूल, गोवा-कारवारची माणकी, दोन्ही एकच, म्हणजे स्क्विड. माल आंबोलीनं चढला की चोर्ल्यानं, यावर नाव ठरतं. घाटावरच्या आम्हा मंडळींना ते भेटायचं बर्फातच. गळ टाकायचा तो मार्कंडेयेत नाहीतर मलप्रभेत, गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून. शनिवारी रात्री घाट उतरून खडपावर उभं राहायचं आणि नकली कोळंबी फेकून माकुलं काढायची, हा नाद आपल्याकडे अगदी अलीकडचा. त्या नकली कोळंबीचं घराणं मात्र जुनं आहे, आणि ते जपानचं.

तिला ‘एगी’ म्हणतात, म्हणजे आमिषाचं लाकूड. तिचं मूळ दक्षिण जपानातल्या सात्सुमात, म्हणजे आजच्या कागोशिमात, आणि त्याखालच्या अमामी बेटांत सांगतात. रात्री पेटत्या चुडी घेऊन मासेमारी चालायची. कुणाची तरी जळकी ढलपी पाण्यात पडली आणि माकुलानं तिला मिठी मारली, अशी कथा. खरीखोटी कोण जाणे, पण जुन्या एगी खरोखरच विस्तवावर भाजून, डाग पाडून रंगवलेल्या असत. एदो काळात (१६०३ ते १८६८) हे लाकूड हळूहळू कोळंबीच्या आकाराचं होत गेलं. पुढं त्यावर कापड चढलं, हनुवटीखाली शिसं आलं.

या आकडीची खरी गंमत शेपटीला आहे. तिथं वर वळलेल्या सुयांची दोन कडी असतात, उलट्या छत्रीच्या काड्यांसारखी. नेहमीच्या गळाला असतो तो उलटा काटा या सुयांना नसतो. मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा वाटलं, स्वस्तातला माल गळ्यात मारला! पण माकूल माशासारखं आमिष गिळत नाही. दोन लांब सोंडा झपकन फेकून ते धरतं, आठ हातांनी कवटाळतं आणि पोपटासारख्या चोचीनं कुरतडायला बसतं. म्हणजे अडकवायचा तो जबडा नव्हे, हात. मांस इतकं मऊ, की एका गळानं ते फाटून जातं. पंधरावीस सुयांवर भार वाटला गेला की टिकतं. दोरा क्षणभर जरी सैल पडला तरी माकूल सुटलं म्हणून समजा. वर आल्यावर अंगावरचे तांबूस ठिपके फुलतात, मिटतात, आणि मग शाईची पिचकारी. पांढरा शर्ट घालून जाणाऱ्याला कुणी आधी सावध करत नाही.

एगीची मापंही जुन्या जपानी ‘सुन’वरून आली आहेत. एक सुन साधारण तीन सेंटिमीटरचा, त्यामुळं साडेतीन नंबरची एगी साडेदहा सेंटिमीटर भरते. पूर्वी ती होडीमागं सावकाश ओढत. किनाऱ्यावरून दूर फेकायची, तळाशी जाऊ द्यायची आणि रॉडला झटके देऊन उडवायची, ही तऱ्हा कार्बनचे हलके रॉड आणि बारीक विणीचा दोरा आल्यानंतरची. तळाशी जाऊ द्यायची म्हणजे खडपात अडकणारही. माझ्या पहिल्या दोन तिथंच राहिल्या.

मग आपल्या किनाऱ्यावर हे का रुजलं नव्हतं? मला वाटतं, गरजच पडली नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली की बांगडा-तारल्यांबरोबर माकुलंही वाळूत येत. त्यांना भाव नव्हता. बरीचशी गळाचं आमिष म्हणूनच खपत. १९७० च्या दशकात गोठवलेल्या माकुलांची निर्यात सुरू झाली आणि चित्र पालटलं. ट्रॉलरच्या जाळ्यातली ही अडगळ डॉलरची झाली. दक्षिणेत, केरळातल्या विळिंजमकडे, हातदोरीनं आकडी हलवून माकुलं आणि त्यांच्या जातीतली सेपिया, म्हणजे कटलफिश, काढणारे मच्छीमार होतेच. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पुढं झावळ्या आणि सुरूच्या फांद्यांचे भारे बुडवून त्याभोवती दोरी टाकायची पद्धत आली. सेपिया अंडी चिकटवायला अशा फांद्यांपाशी येते आणि तिथंच धरली जाते. अंडी घालायला आलेलीच मारायची म्हटल्यावर स्थानिकांचा विरोध झाला, आणि तो मला रास्त वाटतो.

उजेडाचा वाद त्याहून मोठा. माकूल उजेडाकडे येतं, खरं तर उजेडाला जमणाऱ्या बारक्या मासळीकडे. ट्रॉलरवाल्यांनी जनरेटरवर एलईडीचे झोत लावले, तेव्हा पारंपरिक मच्छीमार रस्त्यावर उतरले. केंद्रानं १० नोव्हेंबर २०१७ ला देशाच्या सागरी क्षेत्रात अशा मासेमारीवर बंदी घातली. तरी अंधाऱ्या रात्री खडपावर एगी फेकत उभं राहिलं, की क्षितिजावर कधीकधी एक पांढरा पट्टा दिसतो, गाव वसल्यासारखा.