५१ पेगासी बी आणि एचडी ८०६०६ बी: दोघांनाही सरसकट हॉट ज्युपिटर म्हणायचं का?

हॉट ज्युपिटर म्हणजे आपल्या ताऱ्याला अगदी चिकटून फिरणारा, गुरूसारखा तापलेला वायूचा ग्रह. दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची ही दोन नावं लोक एका दमात घेतात आणि कारणही तसंच आहे, दोन्ही वायूचे राक्षसी ग्रह, दोघांचेही तारे साधारण आपल्या सूर्यासारखे, आणि दोघंही ताऱ्याच्या इतके जवळ जातात की पार भाजून निघतात. पण एक तिथेच राहतो आणि दुसरा नुसता जाऊन येतो.

५१ पेगासी बी तिथेच राहणारा. मिशेल मेयर आणि दिदिये केलोझ यांनी १९९५ मध्ये शोधला, त्याबद्दल २०१९ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. वजन गुरूच्या निम्म्याच्या आसपास, वर्ष सव्वाचार दिवसांचं, कक्षा जवळपास गोल, त्यामुळे ताऱ्याची धग बारा महिने सारखीच.

एचडी ८०६०६ बी मला जास्त भारी वाटतो. वजन गुरूच्या साधारण चौपट, एक फेरी १११ दिवसांची आणि उत्केंद्रता तब्बल ०.९३! शून्य म्हणजे कक्षा पूर्ण गोल, आणि आकडा एककडे सरकेल तशी ती लांबुळकी होत जाते, ०.९३ सारखे आकडे एरवी धूमकेतूंचे असतात. लांब असताना हा जवळपास पृथ्वी-सूर्याइतक्या अंतरावर असतो आणि जवळ येतो तेव्हा ५१ पेगासी बीच्याही आत घुसतो, तेही सुसाट, कारण केप्लरचा दुसरा नियम, लांब असताना रेंगाळायचं आणि जवळ आलं की पळायचं. २००७ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने नेमकी ही वेळ पकडली तेव्हा सहाएक तासांत त्याचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या आसपासहून १२०० च्या वर गेलेलं दिसलं, अख्ख्या ग्रहाचं हवामान एका दुपारीत बदललं म्हणा ना.

घोळ होतो कारण दोघांचं नातं असू शकतं. एचडी ८०६०६ ला जोडीदार तारा आहे, त्याच्या ओढीने कक्षा अशी ताणली गेली असावी, आणि आता दर फेरीत जवळून जाताना भरतीच्या बलांमुळे (ताऱ्याच्या ओढीने ग्रह ताणला-दाबला जातो त्यामुळे) थोडी ऊर्जा जाते, कक्षा आखडते, ५१ पेगासी बीसारखी गोल होत जाते. सगळेच हॉट ज्युपिटर या वाटेने आले असं नाही, काही ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीतून हळूहळू आत सरकले असतील. पण ही वाट खरी असल्याचा पुरावा वाढतोय, २०२४ मध्ये अरविंद गुप्ता आणि सहकाऱ्यांनी टीआयसी २४१२४९५३० बी नावाचा ग्रह जाहीर केला, त्याची उत्केंद्रता ०.९४, वर तो ताऱ्याच्या फिरण्याच्या उलट दिशेने जातो, आणि गणित सांगतं की साधारण एक अब्ज वर्षांत तोही गोल कक्षेत स्थिरावेल.